प्रसरणाचा जमाखर्च

शालेय पुस्तकांत कांहीं प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आलेले असतात. पाण्याचा हौद, त्यास एक भरणारी व एक रिकामा करणारी अशा दोन तोट्या, हा गणितांतला जसा चिरंजीव प्रश्न, तसाच पदार्थविज्ञानांत प्रसरण पावणाऱ्या आदर्श वायूचा. एका नळकांड्यांत अमुक दाबाचा व अमुक तापमानाचा वायु आहे. दट्ट्या सरकून त्याचें आकारमान दुप्पट झालें. तर आतां दाब किती व तापमान किती तें काढा. आमच्या वडिलांनीं हा प्रश्न सोडविला, आम्हीं सोडविला, आणि आमच्या भाच्यानेंही परवांपरवां सोडविला. उत्तर जुळलें कीं वही मिटते. आणि ज्या वायूसाठीं एवढा खटाटोप केला तोच आपल्या नाकांतून रात्रंदिवस ये-जा करीत आहे, दाराशीं माडांच्या झावळ्या हालवीत आहे, ही गोष्ट कोणाच्या ध्यानींमनींही नसते.

आम्हांस मात्र ह्या प्रश्नाविषयीं विशेष आस्था आहे. आस्था म्हणावी कीं धास्ती म्हणावी, हें पुढील मजकूर वाचून वाचकांनींच ठरवावें. अलिबागेच्या दक्षिणेस दोन-अडीच कोसांवर नागांव आहे. तेथें आमचें वडिलोपार्जित घर व लहानशी वाडी आहे. ३ जून २०२० रोजीं ह्याच प्रश्नाचें एक जिवंत उदाहरण त्या घरावरून आणि वाडीवरून गेलें. त्याचा हिशेब मांडून पाहावा असें तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. परंतु त्याआधीं पुस्तकांतला प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक पुस्तकें तो अर्धाच समजावून देतात असें आमचें प्रामाणिक मत आहे.

वायूचे कण बिंदूएवढे, जागा न व्यापणारे आणि एकमेकांशीं ओढाताण न करणारे आहेत अशी कल्पना केली म्हणजे जो वायु डोळ्यांपुढें उभा राहतो त्यास आदर्श वायु म्हणतात. असा वायु जगांत कोठेंही नाहीं. आदर्श जांवई जसा शेजारणीच्या बोलण्यांतच आढळतो, तसा हा पुस्तकांतच आढळतो. तथापि आपल्या नित्याच्या दाबाची हवा त्या कल्पनेच्या इतकी जवळ जाते कीं, नागांवच्या किनाऱ्यावरील हवेस आदर्श मानून हिशेब केला तर व्यवहारांत जाणवेल असा फरक पडत नाहीं. बॉईलनें १६६२ सालीं दाखविलें कीं, तापमान कायम असतां वायूवरील दाब निम्मा केला तर त्याचें आकारमान दुप्पट होतें. गे-लुसाकनें १८०२ सालीं तापमान आणि आकारमान ह्यांचा संबंध प्रसिद्ध केला. दोहोंचें मिळून एक सूत्र होतें: दाब आणि आकारमान ह्यांचा गुणाकार निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणांत असतो. निरपेक्ष तापमान म्हणजे आपल्या नेहमींच्या अंशांत २७३ मिळविले कीं जें येतें तें. २७ अंशांचा उकाडा ह्या मापानें ३०० होतो.

आतां ह्या सूत्राकडे जरा व्यवहारी नजरेनें पाहावें. आकारमान दुप्पट झालें एवढेंच सांगितलें, तर दाब व तापमान हीं दोन अज्ञातें उरतात, आणि समीकरण हातीं एकच. म्हणजे प्रश्नच अपुरा आहे! विद्यार्थी नेमका येथें अडखळतो, आणि पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून कोणतें सूत्र बसतें तें चांचपडूं लागतो. वस्तुतः वायु किती फुगला एवढें कळून भागत नाहीं. तो कसा फुगला, फुगतांना त्यानें कोणाचें काम केलें, आणि त्या कामाचे पैसे कोणाच्या गांठीचे गेले, हें कळावें लागतें. घरांतला जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीस हें सांगावें लागत नाहीं. बाहेरून आलेली उष्णता ही वायूची मिळकत, त्यानें दट्ट्या ढकलून केलेलें काम हा त्याचा खर्च, आणि तापमान ही त्याची शिल्लक. मिळकतींतून खर्च वजा जातां जें राहील तें शिलकेंत पडतें. मिळकत अपुरी पडली तर शिल्लक मोडावी लागते.

ह्या दृष्टीनें २७ अंशांचा, एक वातावरण दाबाचा वायु घेऊन त्याचें आकारमान दुप्पट करूं. समजा, नळकांडें तांब्याचें आहे, तें २७ अंशांच्या पाण्यांत बुडविलें आहे, आणि दट्ट्या अगदीं सावकाश सरकत आहे. वायु दट्ट्या ढकलतो, म्हणजे काम करतो; पण जितका खर्च होतो तितकी उष्णता भोंवतालचें पाणी तत्काळ भरून देतें. शिल्लक जागच्या जागीं. तापमान २७ अंशच राहतें आणि दाब निम्मा होतो. ह्यास आपण उघड्या दाराचें प्रसरण म्हणूं. आतां तेंच नळकांडें घोंगडीसारख्या कशानें तरी असें गुंडाळलें कीं उष्णतेचा कणही आंत येऊं नये किंवा बाहेर जाऊं नये. काम तर तसेंच करावयाचें आहे, पण मिळकत शून्य. अर्थात् शिल्लक मोडते. हवेसारख्या वायूच्या बाबतींत आकारमान दुप्पट होतांना निरपेक्ष तापमान ३०० वरून सुमारें २२७ वर येतें, म्हणजे शून्याखालीं ४६ अंश; आणि दाब निम्मा न राहतां ०.३८ वातावरणाइतका उरतो. हें बंद दाराचें प्रसरण. येथें हिशेबांत १.४ हा घातांक येतो. तो हवेस कायम दाबाखालीं तापविण्यास लागणारी उष्णता आणि कायम आकारमानांत तापविण्यास लागणारी उष्णता ह्यांचें गुणोत्तर होय. पहिली अधिक, कारण तींत फुगण्याचाही खर्च आला.

तिसरा प्रकार सर्वांत गमतीचा. वायूच्या शेजारीं तेवढीच निर्वात पोकळी ठेवावी आणि मधला पडदा काढून टाकावा. वायु धांवत जाऊन सारी जागा व्यापतो. आकारमान दुप्पट झालें. पण ढकलावयास दट्ट्याच नाहीं! काम शून्य, मिळकतही शून्य, म्हणून शिल्लक तशीच. तापमान २७, दाब निम्मा. ज्यूल ह्यानें १८४५ सालीं हाच प्रयोग केला. दोन तांब्याचीं भांडीं, एकांत २२ वातावरणांच्या दाबाची हवा, दुसरें निर्वात, दोन्हीं पाण्यांत. मधली तोटी उघडली, आणि पाण्याचें तापमान मुळींच बदललें नाहीं. पुढें त्यानें थॉमसनबरोबर अधिक सूक्ष्म प्रयोग केले, तेव्हां खऱ्या वायूंचे कण एकमेकांस किंचित् ओढतात म्हणून अतिशय अल्प असा फरक पडतो असें आढळून आलें. असो, तो विषय आज आपला नव्हे. पण पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराकडे पुनः पाहावें. दोहोंचा शेवट अक्षरशः एकच. परंतु एकानें वर्षभर मिळवून तितकेंच खर्च केलें, कोणाचें तरी ओझें उचललें. दुसऱ्यानें हातपाय हालविले नाहींत. वर्षाखेरची शिल्लक सारखी म्हणून दोघांचें वर्ष सारखें गेलें असें कोणी म्हणेल काय?

वायु दाबला असतां तापतो, ह्याचा अनुभव नागांवच्या रस्त्यावर सायकलच्या चाकांत हवा भरणाऱ्या पोरासही असतो. चार-सहा झटके मारले कीं पंपाचें बूड हातास चटका देतें. २७ अंशांची हवा बंद दारानें निम्म्या आकारमानांत कोंबली तर ती हिशेबानें १२३ अंशांपर्यंत जावी. पंपाची धातु त्यांतली पुष्कळ उष्णता खाते म्हणून हात भाजत नाहीं इतकेंच. उलट भरलेल्या चाकाची वाल्व्ह दाबून फुस्सकन् येणाऱ्या हवेवर बोट धरलें तर गार लागतें. दार उघडें कीं बंद, हें पुष्कळदां केवळ वेळेवर ठरतें. सावकाश करा, उष्णतेस ये-जा करावयास सवड मिळते; झटक्यांत करा, मिळत नाहीं. न्यूटनसारख्या पुरुषाची ह्या बाबतींत फसगत झाली. १६८७ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें ध्वनीचा हवेंतील वेग गणितानें काढला तो खऱ्यापेक्षां शेंकडा सुमारें १५ नें कमी आला. ध्वनीच्या लहरींत हवा आकुंचन-प्रसरण पावते तें इतक्या त्वरेनें कीं उष्णतेस दाराबाहेर पडावयास फुरसतच नसते, हें लाप्लासनें १८१६ सालीं दाखविलें, आणि तो १.४ हिशेबांत घालतांच वेग बरोबर जुळला.

नागांवास राहून बंद दाराचें प्रसरण पाहावयाचें तर पूर्वेकडे तोंड करावें. पावसाळ्यांत समुद्रावरून आलेली हवा आपल्या वाडीवरून जाते आणि पुढें सह्याद्रीस अडते. वर चढूं लागली कीं तिच्यावरील दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगतांना भोंवतालच्या हवेस ढकलण्याचें काम करते. एवढ्या प्रचंड लोंढ्यास बाहेरून उष्णता पुरविणार कोण? म्हणून ती स्वतःची शिल्लक मोडीत वर जाते. कोरडी हवा दर किलोमीटरास जवळजवळ १० अंशांनीं निवते. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे, म्हणजे तेवढ्याच चढणींत ८ अंश गेले. पण आपली हवा कोरडी नसते. थोडी वर गेली कीं तिच्यांतील वाफ धरून राहत नाहीं, तिचे ढग होतात, आणि वाफेंत दडलेली उष्णता बाहेर पडून हवेस मधूनच थोडी मिळकत होते. त्यामुळें पुढील निवणें जरा सावकाश चालतें. ढग घाटमाथ्यावर आपलें पाणी ओतून रिकामे होतात. म्हणून किनाऱ्यास वर्षांत दोन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो, घाटमाथ्यास त्याहून किती तरी अधिक, आणि पलीकडच्या पुण्यास जेमतेम सातशें. आमचे पुण्याचे आप्त नागांवच्या चिखलास नांवें ठेवतात तेव्हां, तुमचें पाणी वाटेंत खर्च झालें त्यास आमची वाडी काय करणार, असें आम्ही त्यांस सांगत असतों.

येथवरचा भाग पुस्तकी. आतां त्या जूनच्या दिवसाकडे वळूं.

त्या वर्षीं टाळेबंदीमुळें आम्ही मार्चपासून नागांवींच होतों. घरांत आमच्या काकू, आम्ही उभयतां, आणि बारावीचा अभ्यास करणारा भाचा. काकूंचें वय ऐंशीच्या घरांत. काका गेल्यावर वीस वर्षें वाडी त्यांनींच सांभाळलेली. कोणत्या पोफळीस किती कातरे येतात, कोणता माड कोणत्या सालीं लाविला, हें त्यांस तोंडपाठ. ओटीवर आजोबांच्या वेळचें एक वायुभारमापक यंत्र टांगलेलें आहे. घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर इंचांचे आंकडे, आणि आंकड्यांपुढें इंग्रज कारागिरानें घातलेले शब्द: तीसपुढें ‘फेअर’, साडेएकोणतिसापुढें ‘चेंज’, एकोणतिसापुढें ‘रेन’, आणि पार खालीं अठ्ठाविसापुढें ‘स्टॉर्मी’. हे शब्द विलायतेच्या हवेसाठीं लिहिलेले. आमच्याकडे सारा पावसाळा कांटा ‘चेंज’च्या आसपास रेंगाळतो आणि बाहेर मुसळधार कोसळत असतें.

वादळाची सूचना दोन दिवस आधींपासून होती. किनाऱ्याजवळच्या लोकांस हलविलें जात होतें, होड्या वर ओढल्या होत्या. वादळास ‘निसर्ग’ हें नांव बांगलादेशानें सुचविलेलें. वाडीवाल्यांच्या कानास तें थट्टेसारखें लागलें. ३ तारखेस सकाळपासून कांटा उतरूं लागला. दुपारीं तो सव्वाएकोणतिसाच्या खालीं गेला, आणि भाच्यानें काचेवर टिचकी मारून पाहिलें तों आणखी खालीं सरकला. ज्या घटकेस सुरूच्या बनांतून रेल्वे जावी तसा आवाज येत होता, कौलें पत्त्यांसारखीं उडत होतीं, आणि माजघरांत आम्ही चौघें कोपरा धरून बसलों होतों, त्या घटकेस तबकडीवर कांटा दाखवीत होता तो ‘रेन’! त्या इंग्रज कारागिराचा आम्हांस राग आला नाहीं. दाबाचे चारदोन शतांश कमी होण्यानें एवढें होऊं शकतें हें त्यास ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें.

हवामानखात्याच्या माहितीप्रमाणें वादळ त्या दिवशीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें, वारा ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि वादळाच्या मध्यभागीं दाब सुमारें ९८४ मिलिबारांपर्यंत उतरला होता. भोंवतालचा दाब १००४ धरला तर तफावत अवघी २०, म्हणजे शेंकडा दोन. वीज गेलेली ती कित्येक दिवस आली नाहीं. त्या काळांत एके संध्याकाळीं भाच्यानें कंदिलापाशीं वही उघडून विचारलें, “मामा, बाहेरची हवा मध्याकडे ओढली जाते, म्हणजे १००४ वरून ९८४ वर येते. दाब उतरला म्हणजे ती फुगणार. फुगली म्हणजे थंड होणार. मग थंड होत जाणारी हवा मध्याशीं जाऊन वर कशी चढेल? थंड हवा तर जड. हें वादळ आपणहून बंदच पडावयास हवें होतें.”

प्रश्न ऐकून आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. त्यानें बंद दाराचा हिशेब बरोबर केला होता: २८ अंशांची हवा १००४ मिलिबारांवरून ९८४ वर एकाकी फुगली तर ती सुमारें पावणेदोन अंशांनीं निवते. आंकडा लहान दिसतो, पण अशा यंत्राचा गळा दाबावयास पुरेसा आहे. “अरे, पण दार बंद होतें कशावरून?” आम्हीं विचारलें. “ती हवा कशावरून येत होती?”

समुद्रावरून. मे महिनाभर तापलेला अरबी समुद्र, वरच्या थराचें तापमान तीस अंशांच्या आसपास. मध्याकडे खेंचली जाणारी हवा पाण्याला घांसून येते, लाटांचे तुषार तिच्यांत मिसळतात. ती फुगून जरा निवते न निवते तोंच खालचा समुद्र तिची तूट भरून काढतो. म्हणजे हें बहुतांशीं उघड्या दाराचें प्रसरण, तांब्याचें नळकांडें पाण्यांत बुडवावें तसें. हिशेब अवघड नाहीं. एक किलोग्रॅम हवा, म्हणजे सुमारें चार पिंपें भरतील एवढी, ह्या उतरणींत तापमान कायम राखून आणावयाची तर तिला सुमारें १७०० ज्यूल उष्णता द्यावी लागते. समुद्र तेवढी देतोच, आणि वर वाफ देतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयास २४०० ज्यूलांहून अधिक उष्णता लागते. ती वाफेबरोबर हवेच्या पदरांत गुपचूप बांधली जाते. तेव्हां दर किलोग्रॅम हवेस एकच ग्रॅम वाफ जास्त मिळाली तरी हें गांठोडें रोख मिळकतीहून मोठें झालें. अशी श्रीमंत होऊन ती हवा वादळाच्या मध्याभोंवतालच्या ढगांच्या भिंतीशीं पोंचते, आणि तेथें वर चढूं लागते.

तेथून दार बंद. सुमारें १२ किलोमीटर उंचीवर दाब २०० मिलिबार असतो. कोरडी हवा तेवढें चढली तर शून्याखालीं ८३ अंशांपर्यंत गारठेल. परंतु ही हवा चढतां चढतां गांठोडें सोडीत जाते, वाफेचें पाणी होतें, दडलेली उष्णता मोकळी होते, आणि त्यामुळें ती भोंवतालच्या हवेहून उबदार राहून चढतच जाते. वर पोंचल्यावर ती चोहों बाजूंस पसरते, उरलेली उष्णता अवकाशाकडे टाकते, आणि दूर जाऊन पुनः खालीं उतरते. एक प्रसरण उघड्या दाराचें, दुसरें बंद दाराचें, मग थंड ठिकाणीं उष्णता टाकणें, मग आकुंचन: ज्यानें उष्णतायंत्रांचें शास्त्र वाचलें आहे त्यास हें चक्र ओळखीचें वाटेल. सादी कार्नो ह्या फ्रेंच तरुणानें १८२४ सालीं वाफेच्या यंत्राचा विचार करतांना हेंच चक्र कल्पिलें. आठ वर्षांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं तो कॉलऱ्यानें वारला. चक्रीवादळ हें निसर्गानें चालविलेलें कार्नोचें यंत्र आहे, ही गोष्ट केरी इमॅन्युएल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८६ सालीं गणितानें मांडली. तळाचें तापमान ३० अंश आणि माथ्याचें उणें ७० धरलें, तर उष्णतेच्या शंभर भागांतून जास्तींत जास्त तेहतीस भागांचें काम होऊं शकतें. कोळशाच्या आगगाडीच्या इंजिनास शंभरांत दहाही साधत नसत.

आणि हें काम म्हणजे काय? वारा. आमचीं कौलें, आमच्या पोफळी. दट्ट्या कोठें आहे असें भाच्यानें विचारलें असतें तर आम्हीं त्यास मागील दारीं नेऊन दाखविला असता.

ह्याच विचारानें वादळाचा शेवटही समजतो. किनारा ओलांडतांच समुद्राचें दुकान बंद झालें. जमीन तेवढी वाफ देऊं शकत नाहीं, झाडें-डोंगर वाऱ्यास अडवितात, खर्च वाढतो आणि मिळकत थांबते. जें वादळ दुपारीं आमच्या डोक्यावर होतें तें पुणें-नाशिकच्या दिशेस जातां जातां खंगत गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं हवामानखात्यानें त्याची गणना वादळांतही केली नाहीं. ज्यांचा समुद्राशीं कांहीं संबंध नाहीं अशांस तें नुसता पाऊस म्हणून भेटलें.

आमच्या वाडींत माड बहुतेक वांचले. जे पडले ते मुळासकट पडले. पोफळीचें तसें नाहीं. ती उंच, सडपातळ, एकमेकींच्या आधारानें दाट वाढणारी; एक मोडली कीं ती शेजारणीवर पडते. पुष्कळशा मधोमध तुटल्या, आणि वाडींत मनगटाएवढे उघडे सोट उभे राहिले. कांहीं दिवसांनीं काकू काठी टेंकीत साऱ्या वाडींतून फिरल्या आणि त्यांनीं उभ्या असलेल्या पोफळी मोजल्या. पडलेल्या मोजल्या नाहींत. साडेतीनशेंपैकीं एकशें दहा. सावली गेल्यामुळें मिरीचे वेल आठवड्याभरांत करपले. पोफळीस पहिलें फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि पुरती बहरावयास त्याहून अधिक. घरांत बोलणीं झालीं. पुण्याच्या चुलतभावानें फोनवरून सांगितलें कीं आतां वाडी विकावी किंवा पर्यटकांसाठीं खोल्या बांधाव्या. नागांवच्या किनाऱ्यास शनिवार-रविवारीं गर्दी असते, खोलीस पडावयास पोफळ नसते. बोलणें अगदींच अयोग्य नव्हतें. विरुद्ध बाजूस आमच्यापाशीं भावनेखेरीज दुसरा आधार काय होता?

आणि शास्त्राचा आधार घ्यावा तर तो काकूंच्या विरुद्धच जात होता. पाण्याचें तापमान एक अंश वाढलें कीं त्यावरील हवा शेंकडा सुमारें सात अधिक वाफ धरूं शकते. म्हणजे समुद्र तितका अधिक सढळ हातानें देणार. अरबी समुद्र तापत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं, १९८२ ते २००० ह्या काळाच्या मानानें २००१ ते २०१९ ह्या काळांत ह्या समुद्रांतील चक्रीवादळें शेंकडा ५२ नें वाढलीं. आमच्या लहानपणीं वादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची गोष्ट असे; वर्तमानपत्रांत वाचावी आणि हळहळावें. ह्यापुढें तसें म्हणतां यावयाचें नाहीं.

भाच्यानें हें सगळें काकूंस समजावून सांगितलें. वहींत आकृति काढून, समुद्र, बाण, ढगांची भिंत. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग विचारलें, “म्हणजे समुद्र पैसे देतो म्हणून वारा माजतो, असेंच ना रे?” भाचा म्हणाला, “हो आजी, तसेंच.” “आणि मग पाऊसही त्याच पैशांचा?” भाचा जरा थबकला, मग हो म्हणाला. काकू म्हणाल्या, “मग त्याच्याशीं भांडून कसें चालेल. विहिरींत पाणी त्याचेंच.”

त्या पावसाळ्यांत त्यांनीं पोफळीचीं रोपें लाविलीं. ओळी पूर्वींहून विरळ ठेविल्या, समुद्राच्या बाजूस सुरू आणि उंडीचा पट्टा धरला, आणि मधून केळी घातल्या. पुढच्या वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर समुद्रांतूनच गुजराथकडे गेलें. ओटीवरचा कांटा पुनः खालीं उतरला आणि भाचा पुनः टिचक्या मारीत बसला. रोपें तेव्हां गुडघ्याएवढीं होतीं. वारा त्यांच्यावरून गेला. जुन्या एकशें दहांपैकीं मात्र नऊ पडल्या. भाचा त्या वर्षीं बारावी उत्तीर्ण झाला. टाळेबंदीमुळें परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळें आदर्श वायूचा प्रश्न त्यास शेवटपर्यंत कोणी विचारलाच नाहीं.